भिंतीची पाणीपाळी

हर्षा कापगतेने गोंदियात ब्युटी पार्लरचा कोर्स केला आणि गावी परत येऊन आईबापांना सांगून टाकलं की दुकान घरातच काढणार. घर सौंदडच्या अलीकडे, अगदी सडकेला लागून. पुढची छपरी लांबलचक. तिच्यात तिच्या वडिलांची, खुशालभाऊंची खाट, टीव्ही, धानाची पोती आणि येणाऱ्याजाणाऱ्यासाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. या छपरीचा सडकेकडचा अर्धा भाग हर्षाला हवा होता. मधे भिंत पाहिजे. विटांची भिंत म्हणजे पाया खोदा, रेती आणा, घरभर चिखल करा. म्हणून तिने गोंदियाहून फॉल सीलिंगवाले कारागीर बोलावले. त्यांनी पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा केला, दोन्ही बाजूंनी पांढरे जिप्समचे बोर्ड स्क्रूने ठोकले, एका टोकाला दाराची जागा सोडली, आणि संध्याकाळच्या आत भिंत उभी झाली.

"फिनिशिंग कल आके कर देंगे," असं म्हणून ते गेले ते बिरसीकडे कुठल्यातरी हॉटेलच्या कामाला लागले. फोन केला की ते "कल पक्का" म्हणत. त्यांचा कल काही उगवेना.

भिंत उभी झाली त्या दिवशी खुशालभाऊ तलावावर होते. कापगते जातीने कोहळी. त्यांच्या आज्यापणज्यांनी तलाव बांधले, आणि खुशालभाऊ स्वतः गावच्या तलाव कमिटीचे अध्यक्ष. त्यामुळे समोर काही उभं दिसलं की हे पाणी अडवेल का, हाच विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा येई. घरी आले, चपला काढल्या, नव्या भिंतीसमोर उभे राहिले आणि बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. ढब ढब आवाज आला.

"हे तं पोकळ हाये," ते म्हणाले.

"हाव बाबा. तशीच राहते ही भिंत," हर्षा म्हणाली.

"पोकळ भिंत? आतमंदी काय हाये मंग?"

"काही नाही. हवा."

खुशालभाऊ आत गेले, लोटाभर पाणी घेऊन आले आणि त्यांनी ते भिंतीच्या पायथ्याशी शांतपणे ओतलं. पाणी खालच्या फटीतून सरळ हर्षाच्या बाजूला गेलं.

"फुटली," ते म्हणाले आणि खाटेवर बसले.

दुसऱ्या दिवसापासून गावातली माणसं भिंत पाहायला येऊ लागली. जो येई तो ठोके. ठोकल्यावर काही जण "आत कोन हाये?" असं विचारून हसत. खुशालभाऊ हसत नव्हते. त्यांच्या मते दोष पोकळपणाचा नव्हताच, भिंत उघडी होती हा होता. छपाई झाली की भिंतीला भिंतपण येईल. आमच्याकडे गिलाव्याला छपाई म्हणतात. प्रश्न एवढाच होता की छपाई कशाची करायची.

हर्षाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. "हे पाहा बाबा. बोर्डाच्या सांध्यावर जाळीची पट्टी चिकटवाची, वरतून पातळ पुट्टी मारायची, घासाची, रंग द्याचा. झालं."

"पातळ?" खुशालभाऊंनी विचारलं. "पाहुण्याले पातळ वरण वाढलं तं लोक नाव ठेवते. आन भिंतीले पातळ छपाई करू?"

त्यांनी बैठक बोलावली. ते कोणतंही काम बैठकीशिवाय करत नसत. एकदा तर त्यांनी स्वतःच्या दाढेच्या दुखण्यावर बैठक घेतली होती. बैठकीला केवलराम मिस्त्री आले. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. सडक अर्जुनीच्या रंगाच्या दुकानातून इंद्रकुमार आला, हातात पुट्टीची पिशवी आणि ती मारायची चकचकीत पात घेऊन. हर्षाची आई सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या.

केवलरामांनी भिंतीला खांदा लावून पाहिला. भिंत जराशी हलली. "मुर्गाजाळी ठोकतो," ते म्हणाले, "आन वरतून सिमेंटची चांगली जाड छपाई करतो. वजन आलं का बसते जागेवर. हलकी हाये म्हणून हलून राहिली."

"अरे नहीं चाचा," इंद्रकुमार म्हणाला, "ये बोर्ड सिमेंट का लोड नहीं लेता. पुट्टी मारो, एकदम मक्खन."

"पुट्टी म्हणजे पावडर," खुशालभाऊ म्हणाले. "पावडर लावल्यानं छपाई होते का?"

"अजी, मी काय म्हनतो," सुलोचनाबाई म्हणाल्या, कारण आमच्याकडे बायाही असंच बोलतात. "आपल्या धान साठवाच्या ढोलीले आपण काय लावतो? बांबूची राहते, आतून पोकळच राहते. तिले शेण, माती आन तणस कालवून लिपतो. वर्षानुवर्षं टिकते. ही बी पोकळ हाये. मंग हिले बी लिपाव."

मुद्दा बिनतोड होता. आतून पोकळ असलेली, हवा धरून ठेवणारी वस्तू घरात आधीपासून होतीच, आणि तिला काय लावायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण केवलराम म्हणाले की ही भिंत आहे, ढोली नव्हे; आणि इंद्रकुमार म्हणाला की ही तर सीलिंग आहे, फक्त उभी केलेली. आता आधी ही वस्तू काय आहे ते ठरवावं लागणार होतं. दोन वेळा चहा झाला तरी ते ठरलं नाही.

तलावाच्या पाण्यावर एकमत होत नाही तेव्हा खुशालभाऊ वाटे पाडत. इथेही त्यांनी तेच केलं. खडूने भिंतीवर उभ्या रेघा मारल्या. डावीकडचा वाटा केवलरामांचा, मधला सुलोचनाबाईंचा, दाराकडचा इंद्रकुमारचा. "ज्याची छपाई टिकल, तीच पुऱ्या भिंतीले," त्यांनी निकाल दिला.

"बाबा, माह्या बाजूले हात लावाचा नाही," हर्षा म्हणाली. तिने आपल्या बाजूचे उघडे बोर्ड तसेच ठेवले, त्यावर आरसा टांगला आणि खुर्ची मांडली. बाकीची भानगड बापाच्या बाजूला.

इंद्रकुमारने पुट्टी तीन प्रकारची लावून दाखवली आणि दर वेळी सगळ्यांना हात फिरवून पाहायला लावलं. केवलरामांनी जाळी ठोकली आणि इतकी जाड छपाई केली की दोन दिवसांनी त्या भागाला मधोमध पोट आलं. "सातवा लागला वाटते," सुलोचनाबाई म्हणाल्या. केवलरामांनी ते मनावर घेतलं आणि एक बल्ली आडवी टेकवून पोटाला आधार दिला. सुलोचनाबाईंनी मागच्या वर्षीचं धानाचं तणस बारीक तोडलं, शेणामातीत पायाने कालवलं आणि दोन्ही हातांनी असं काही लिपलं की केवलरामही पाहत राहिले. माती ओली होती तोवर छपरीत तलावाच्या काठासारखा वास येत होता. खुशालभाऊंची झोप त्या दिवसांत फार चांगली झाली.

मग एका सकाळी ते तोंड धुऊन आले आणि भिंतीच्या मधल्या वाट्यावर त्यांना हिरवी टोकं दिसली. त्यांनी चष्मा लावला, जवळ गेले, मग पुन्हा चष्मा पुसून लावला.

"हर्षाची माय, इकडं ये वो."

सुलोचनाबाईंनी पाहिलं. "अजी, हे तं धान हाये."

तणसाला चिकटून राहिलेले दाणे मातीत गेले होते आणि ओल मिळताच उगवले होते. भिंतीच्या मधल्या वाट्यावर, कंबरेपासून डोक्यापर्यंत, कोवळं धान आडवं बाहेर आलं होतं आणि मग उजेडाकडे वर वळलं होतं.

"उपटून टाकतो," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"हात नोको लावू," खुशालभाऊ म्हणाले. "उगवलेल्या धानाले हात लावते का कोणी?"

हर्षा धावत आली. "बाबा, पुढच्या मंगळवारी माह्या दुकानाचं उद्घाटन हाये! भिंतीवर शेती पाहून कोन येईल?"

"तुह्या बाजूनं थोडी उगवलं? माह्या बाजूनं उगवलं," खुशालभाऊ म्हणाले. आणि ते खरंच होतं.

त्यांनी हर्षाची केसांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेतली आणि रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला हलकं पाणी देऊ लागले. यात त्यांना गंमत वाटत नव्हती. ते वाकून टोकं मोजत नव्हते, पण पिवळं कुठे पडलंय ते पाहत होते, खालच्या भागात पाणी साचतंय आणि वरचा कोरडा राहतोय याची चिंता करत होते. शेवटी त्यांनी सुलोचनाबाईंकडून मातीच्याच बारीक धुऱ्या, छोटे बांधच, घालून घेतल्या, भिंतीवर आडव्या, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने उतरेल. धानाच्या बांधीत करतात तसं. केवलराम मिस्त्रींनी ते काम पाहून मान हलवली आणि आपल्या पोटाला दुसरी बल्ली लावली.

नेमकं त्याच सुमाराला पावसाने दडी मारली. रोवणीची वेळ, आणि आभाळ कोरडं. तलाव कमिटीने ठरवलं की पाणी पाळीने सोडायचं. पहिली पाळी ज्यांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, अजून लहान आहेत त्यांना, मग रोवणी झालेल्यांना. श्यामलालची बांधी दुसऱ्या यादीत गेली. श्यामलाल कमिटीतलाच, पण अध्यक्षांशी त्याचं जुनं वाकडं. तो बैठकीत उभा राहिला.

"अध्यक्षाच्या घरी भिंतीले रोज पानी भेटून राहिलं," तो म्हणाला. "आन माह्या बांधीले पाळी नाही. असं काऊन?"

"ते पानी विहिरीचं हाये," खुशालभाऊ म्हणाले.

"विहीर कोनाच्या पाझरावर भरते?"

खुशालभाऊ विचारात पडले. विहीर तलावाच्या पाझरावरच भरत होती. हे त्यांनी स्वतःच मागे एका भांडणात सर्वांना पटवून दिलं होतं. ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, "श्यामलाल बराबर बोलून राहिला. भिंत तलावाच्या लाभक्षेत्रात येते."

श्यामलालने मिशीवर हात फिरवला.

"आन लाभक्षेत्रात येते तं तिले पाळी द्यावीच लागते," खुशालभाऊ पुढे म्हणाले. "तिच्यात पऱ्हे हाये. पऱ्ह्याले आधी, असं आपलंच ठरलं. म्हणजे भिंतीची पाळी तुह्या बांधीच्या आधी आली."

बैठकीत कोणी हसलं नाही. दोघांनी माना डोलावल्या. नियमात काही चूक नव्हती. श्यामलालचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भिंतीचं पाणी बंद करायला तो आला होता आणि भिंतीला रीतसर हक्क मिळवून देऊन बसला.

"मी मानत नाही," तो म्हणाला. "थे पऱ्हे हाये का गवत हाये, कमिटीनं येऊन पाहाव."

"ये नं. मंगळवारी ये."

अशा रीतीने ज्या मंगळवारी हर्षाचं पार्लर उघडायचं होतं, त्याच मंगळवारी भिंतीच्या पलीकडे तलाव कमिटीची पाहणी ठरली.

उद्घाटन सकाळी झालं. हर्षाने दारावर आंब्याचं तोरण बांधलं, नारळ फोडला, पेढे वाटले. पहिल्या दिवशी फेशियल कमी दरात, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत बाया येतच राहिल्या. येताना मात्र साऱ्या चोरून येत. पदर ओढून घेत, सडकेवर इकडेतिकडे पाहत आणि झटकन आत शिरत. श्यामलालची बायको पुष्पांजली तर महादेवाच्या देवळात जातो असं घरी सांगून आली होती, कारण श्यामलालने "थे चेहरे घासाचे धंदे" यावर चौकात भाषण दिलं होतं. हर्षाने तिला खुर्चीत बसवलं, कपाळाला पट्टी बांधली आणि मुलतानी मातीचा पॅक गळ्यापर्यंत लावला. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. "आता बोलाचं नाही हं काकू. सुकू द्या."

भिंतीच्या त्या बाजूला कमिटी आली. श्यामलाल पुढे. मागे दोन सभासद, आणि निमंत्रण नसतानाही केवलराम, कारण त्यांच्या वाट्याचीही पाहणी व्हावी अशी त्यांची इच्छा होती.

धान आता वीतभर झालं होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं. सभासद पाहत राहिले. एकाने टोपी काढली.

"पऱ्हेच हाये," तो म्हणाला.

"रंग चांगला हाये," दुसरा म्हणाला. "माह्या बांधीतल्यापेक्षा चांगला."

"थांबा," श्यामलाल म्हणाला. "मुळी पाहू द्या. पऱ्ह्याची मुळी येगळी राहते."

"उपटू नोको," खुशालभाऊ म्हणाले.

"उपटत नाही. मुळी पाहतो."

त्याने भिंतीत बोटं खुपसली. माती मऊ होती, आणि मातीच्या मागचा बोर्ड इतक्या दिवसांच्या पाण्याने भिजून नुसता लापशी झाला होता. बोटं गेली, मग पंजा गेला, मग मनगट गेलं. श्यामलालने हात बाहेर ओढला तेव्हा त्याच्याबरोबर मधला सगळा वाटा, माती, धुऱ्या, धान आणि बोर्ड, एकत्र सुटून त्याच्या अंगावर आला. तो वजनाने आधी मागे गेला, मग तोल सावरायला पुढे झेपावला, पत्र्याच्या दोन पट्ट्यांच्या मधून गेला, पलीकडचा बोर्ड त्याच्या खांद्याने मोडला, आणि कमिटीचा सभासद श्यामलाल पऱ्ह्यासकट पार्लरच्या फरशीवर जाऊन पडला.

आत एकच ओरडा झाला. बायांनी पदर तोंडावर घेतले. खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांवरच्या काकड्या उडाल्या आणि ती ताडकन उभी राहिली. पांढऱ्याभुरक्या चेहऱ्याची, कपाळाला पट्टी बांधलेली ती मूर्ती समोर पाहून श्यामलाल गुडघ्यांवर आला. त्याच्या केसांत धान होतं. त्याने हात जोडले.

"माफी करा बाई," तो म्हणाला. "कमिटीचं काम होतं."

मूर्ती काही बोलेना. बोलायचं नाही असं हर्षाने सांगितलं होतं, आणि पॅक जवळजवळ सुकला होता. पण मग तिला राहवलं नाही.

"अजी, मीच हावो नं," पुष्पांजली म्हणाली, आणि तिच्या गालावरचा पॅक तडकला.

श्यामलालने इकडेतिकडे पाहिलं, जणू महादेवाचं देऊळ इथे कुठेतरी असायला हवं होतं. "तू देवळात होती नं?"

"तुमी पानी वाटाले गेले होते नं?" ती म्हणाली.

तुटलेल्या भिंतीतून कमिटी पार्लरकडे पाहत होती आणि पार्लर कमिटीकडे. केवलराम मिस्त्रींनी आपल्या पोटावर थाप मारली, म्हणजे भिंतीच्या. "माहा वाटा उभा हाये," ते म्हणाले. मग सुलोचनाबाईंना हसू फुटलं, त्यांच्यामागे बायांना, आणि शेवटी पुष्पांजलीच्या चेहऱ्यावरचा पॅक तुकड्यातुकड्यांनी खाली पडू लागला इतकी तीही हसली. श्यामलालला हर्षाने पाणी दिलं. त्याला फारसं लागलं नव्हतं. चिखलाने भरलेले हात बघून ती म्हणाली, "काका, बसा खुर्चीत. मॅनिक्युअर करून देतो. आज कमी दर हाये." तो बसला नाही, पण नंतर सांगायचा की हात धुवायला चांगलं साबण दिलं पोरीनं.

खुशालभाऊ मात्र फरशीवर बसून पऱ्हे गोळा करत होते. एकेक रोप माती झटकून, मुळी न तुटू देता. त्याच संध्याकाळी ते रोपांची जुडी घेऊन वावरात गेले आणि बांधीच्या कोपऱ्यात त्यांची रोवणी करून आले. "मोठे झाले होते," एवढंच म्हणाले. "भिंतीत राहून काय करते."

त्यांनी पुन्हा बैठक बोलावायचं बोलून दाखवलं तेव्हा हर्षा समोर येऊन उभी राहिली.

"बैठक नाही," ती म्हणाली. "बाबा, तलाव तुमचा. भिंत माही."

खुशालभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं की आपल्याला राग येईल. तो आला नाही. "मंग कशाची छपाई करशील?" त्यांनी विचारलं.

"छपाईच नाही. पट्टी आन पातळ पुट्टी."

"टिकल?"

"तुमी पानी दिलं नाही तं टिकल."

नवे बोर्ड आले. केवलरामांचा वाटा काढायला लोखंडी सब्बल लागली. पोट फुटलं तेव्हा आतून दोन सरडे निघाले. कारागिरांचा कल अजूनही आला नव्हता, म्हणून हर्षाने स्क्रू स्वतः मारले. स्क्रू जास्त आत घालायचा नाही, बोर्डाचा कागद फाटतो, हे ती दोन-तीन कागद फाडून शिकली. सांध्यावर जाळीची पट्टी चिकटवली. पुट्टी तिने पॅकच्या वाटीत कालवून पाहिली आणि नंतर तगारीत. इंद्रकुमार पात द्यायला आला आणि "दीदी, पतला, और पतला" म्हणत दारातच उभा राहिला. पहिला हात खडबडीत झाला. सुकल्यावर तिने घासला आणि दुसरा मारला. खुशालभाऊ दिवसभर खाटेवर बसून पाहत होते. दुपारी उठून त्यांनी न सांगता पंखा बंद केला, कारण पुट्टी एकदम सुकली तर तडकेल असं त्यांना वाटलं. हर्षाने तो पुन्हा लावला नाही. घामाने दोघंही भिजले.

रंग तिने फिकट गुलाबी दिला, दोन्ही बाजूंना. खुशालभाऊ गुलाबी भिंतीला पाठ टेकून बातम्या पाहू लागले. पार्लर चांगलं चाललं. श्रावणात पुष्पांजली राजरोस, पदर न ओढता आली.

पण भिंत पातळ ती पातळच. एका दुपारी खुशालभाऊ खाटेवर पडले होते, टीव्ही बंद होता. पलीकडे बाया बोलत होत्या. तलावाच्या गेटची चावी गेल्या वर्षी कोणी हरवली यावर त्यांचा वाद चालला होता. एक म्हणे अमक्याने, दुसरी म्हणे तमक्याने. खुशालभाऊ बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांना सहन होईना.

"नाही वो," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "थे चावी माह्याच खिशात होती. धोतराबरोबर धुतल्या गेली."

पलीकडून कोणीतरी बोटाच्या पेराने भिंत ठोकली.

"आणखी काय काय ऐकलं जी भाऊजी?" पुष्पांजलीचा आवाज आला.

खुशालभाऊंनी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि झोपल्याचं सोंग केलं. दुसऱ्या दिवशी हर्षाने पार्लरमध्ये गाण्यांचा डबा आणला, आणि तो इतका मोठ्याने लावला की खुशालभाऊंनी आपली खाट उचलून अंगणात नेली.